इमोबिलाइझ्ड लायपेजने तेल फोडताना क्रिया दोन तृतीयांशावरच का अडते?

चंचुपात्र (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लायपेजने (चरबी तोडणाऱ्या एन्झाइमने) तेलाचं जलअपघटन, म्हणजे पाण्याने फॅटी ॲसिड्स सुटी करण्याबद्दल नेमकं विचारायचं आहे. मांडणी अशी: रिफाइन्ड सूर्यफूल तेल १०० ग्रॅम, ०.१ मोलर फॉस्फेट बफर (पीएच ७) २० मिली, रायझोम्युकर मिएहाय या बुरशीचं लायपेज रेझिनच्या मण्यांवर बसवलेलं, ५ ग्रॅम. तापमान ४५ अंश, खाली मॅग्नेटिक स्टरर. ॲसिड व्हॅल्यू (१ ग्रॅम तेलातलं सुटं ॲसिड न्यूट्रल करायला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे मिलिग्रॅम) भराभर चढते, ८ तासांत १२५ च्या आसपास पोचते आणि तिथेच अडून बसते. रात्रभर ठेवलं तरी दोन-तीन अंकांचाच फरक. तेलाची सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू (तसाच आकडा, पण जोडलेली फॅटी ॲसिड्सही धरून) १९० आहे, म्हणजे साधारण ६६ टक्के.

एन्झाइम मेलं, समतोल आला, की या लायपेजची मुळात तेवढीच झेप? ९५ टक्क्यांच्या पुढे जायचं तर सपोर्ट (ज्यावर लायपेज बसवलंय ते मणी) बदलावा की लायपेज? आणि तेच मणी पुन्हा वापरायचे असतील तर काय सांभाळावं?

निळा लिटमस

आकडाच बोलतोय. हे लायपेज १,३-विशिष्ट आहे. ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे ग्लिसरॉलला तीन फॅटी ॲसिड्स जोडलेल्या तेलाच्या रेणूच्या, दोन टोकांची फॅटी ॲसिड्स तोडतं, मधल्या जागेला हात लावत नाही. तीनांतली दोन सुटली की ६६.७ टक्के, आणि मागे उरतं २-मोनोग्लिसराइड, म्हणजे फक्त मधलं ॲसिड जोडलेलं ग्लिसरॉल. थर्मोमायसेस लॅन्युजिनोसस आणि रायझोपस ओरायझी यांचीही तीच तऱ्हा. पूर्ण फोडायचं तर कॅन्डिडा रुगोसाचं लायपेज घ्या, ते जागा बघत नाही. फक्त तापमान ३५ ते ४० वर आणा, ते ४५ ला फार काळ तग धरत नाही.

विकरवेडा

@निळा लिटमस, विशिष्टतेबद्दल शंभर टक्के सहमत, निष्कर्षाबद्दल नाही. २-मोनोग्लिसराइड तसंच बसून राहत नाही. मधला ॲसिल गट (जोडलेलं फॅटी ॲसिड) आपोआप टोकाकडे सरकतो आणि टोकाला आला की लायपेज तो तोडतं. ४५ अंशांना, ॲसिडच्या सान्निध्यात हे सरकणं मंद असलं तरी चालू असतंच. नुसती विशिष्टता आडवी आली असती तर आलेख सपाट झाला नसता, हळूहळू चढत राहिला असता.

माझा संशय पाण्यावर आहे. हिशोब मांडू. १०० ग्रॅम तेल पूर्ण फुटायला साधारण ६.१ ग्रॅम पाणी खर्च होतं आणि १०.४ ग्रॅम ग्लिसरॉल सुटतं. धागाकर्त्याने पाणी घेतलंय २० ग्रॅम. ६६ टक्क्यांना ४ ग्रॅम पाणी संपलं, १६ उरलं, आणि त्यात जास्तीत जास्त ७ ग्रॅम ग्लिसरॉल. म्हणजे खालचा थर ३० टक्के ग्लिसरॉलचा झाला. लायपेज दोन्ही दिशांनी काम करतं. पाणी कमी आणि ग्लिसरॉल जास्त असेल तर सुटलेली ॲसिड्स ते पुन्हा ग्लिसरॉलला जोडायला लागतं. मग एन्झाइम कितीही ताजं असो, आकडा हलत नाही.

ओळखायला तीन छोट्या बरण्या पुरतात. अडलेल्या मिश्रणाचे तीन भाग करा, मणी तिन्हींत सारखे वाटा. पहिल्यात फक्त ताजं एन्झाइम घाला. दुसऱ्यात पाण्याचा थर काढून तेवढंच ताजं पाणी घाला. तिसऱ्याला काहीच करू नका. पहिली चढली तर जुनं एन्झाइम थकलंय. दुसरी चढली तर समतोल. दोन्ही चढल्या तर दोन्ही कारणं.

गाळणी

स्टररकडे कुणी बघणार आहे का? मॅग्नेटिक दांडी तळाशी मणी भरडते. ०.३ ते ०.९ मिलिमीटरच्या मण्यांचं पीठ होतं, ते फिल्टर चोंदवतं, पुढच्या फेरीत निम्मं एन्झाइम गाळात जातं, आणि मग लोक म्हणतात ॲक्टिव्हिटी घटली. वरून फिरणारी पॅडल लावा, १५० ते २५० आरपीएम, पॅडल तळापासून बोटभर वर. किंवा गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये शेकर वापरा.

शेवंती

थोडा मूलभूत प्रश्न. लायपेजची पावडर थेट पाण्यात विरघळवून तेलात ढवळली तरी क्रिया होतेच ना? मग हा मण्यांचा खटाटोप कशासाठी? नुसतं परत वापरता यावं म्हणून?

प्रयोगवही

@शेवंती, चांगला प्रश्न. परत वापरणं हे एक कारण, पण एकमेव नाही.

लायपेज पाण्यात विरघळतं आणि त्याचं खाद्य तेलात असतं. काम चालतं ते दोघांच्या सीमेवर. सार्दा आणि देन्युएल यांनी १९५८ मध्ये दाखवलं की पदार्थ पाण्यात विरघळलेला असेपर्यंत स्वादुपिंडाचं लायपेज सुस्त असतं, आणि त्याचे थेंब तयार झाले की वेग एकदम वाढतो. १९९० मध्ये रायझोम्युकर मिएहायच्या आणि माणसाच्या स्वादुपिंडाच्या लायपेजची रचना प्रसिद्ध झाली तेव्हा कारणाचा उलगडा झाला: क्रियास्थळावर प्रथिनाचंच एक झाकण असतं, तेलाच्या पृष्ठभागाशी आलं की ते बाजूला होतं.

आता पॉलिप्रॉपिलीनसारखा पाणी झटकणारा सपोर्ट घेतला तर लायपेज त्यालाच तेलाचा थेंब समजतं, झाकण उघडून चिकटतं आणि तसंच उघडं राहतं. म्हणून अशा सपोर्टवर काही लायपेजं विरघळलेल्या अवस्थेपेक्षा जास्त ॲक्टिव्ह दिसतात. शिवाय सच्छिद्र मण्याच्या आत तेल झिरपतं, त्यामुळे बाहेरून जोरदार इमल्शन करायची गरज उरत नाही. मोकळी पावडर वापरली की प्रोटीन सीमेवर पसरून इमल्शन इतकं घट्ट करतं की शेवटी थर वेगळे करताना नाकीनऊ येतात.

कॅन्डिडा अंटार्क्टिकाचं बी लायपेज मात्र अपवाद. त्याला झाकण जवळजवळ नाहीच.

ओघळ

अल्जिनेटचे मणी कसे वाटतात? सोडियम अल्जिनेट २ टक्के, त्यात लायपेज, सिरिंजने कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब. सोपं, स्वस्त, घातक काही नाही.

विकरवेडा

@ओघळ, या कामाला अल्जिनेट घेऊ नका. जेलची छिद्रं नॅनोमीटरांत असतात, तेलाचे थेंब मायक्रॉनमध्ये. थेंब आत शिरतच नाही, फक्त मण्याच्या सालीवरचं एन्झाइम काम करतं आणि पोटातलं उपाशी राहतं. त्यात लायपेजचा रेणू लहान, ३० ते ६० किलोडाल्टन, तो हळूहळू बाहेर पाझरतो. फॉस्फेट बफर घातला की तो कॅल्शियम ओढून घेतो आणि मणी विरघळायला लागतात. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सुटलेली फॅटी ॲसिड्स त्याच कॅल्शियमशी जुळून अविद्राव्य साबण करतात. मण्यांवर पांढरा चिकट थर दिसतो तो हाच.

ओघळ

कॅल्शियमच्या साबणाचं डोक्यात आलंच नव्हतं. धन्यवाद. मग हाताने करण्याजोगं काय?

प्रयोगवही

सच्छिद्र पॉलिप्रॉपिलीनची पावडर, ॲक्युरेल नावाने मिळते ती. कृती अशी.

१ ग्रॅम पावडर आधी ३ मिली इथेनॉलमध्ये भिजवा. ही पायरी गाळलीत तर पावडर पाण्यावर तरंगत राहते, छिद्रांत हवा अडकते आणि एन्झाइम आत जात नाही. मग इथेनॉल ओतून टाका आणि २० मिलिमोलर फॉस्फेट बफरने (पीएच ७) दोन-तीनदा धुवा, पण मधे कोरडी पडू देऊ नका.

लायपेजची पावडर त्याच बफरमध्ये विरघळवा, सेंट्रिफ्यूज करून वरचं नितळ द्रावण घ्या. बाजारच्या पावडरीत बहुतांश भाग लॅक्टोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचा असतो, म्हणून वजनावर विसंबू नका. ब्रॅडफर्डच्या रंगचाचणीने प्रोटीन मोजा आणि १ ग्रॅम सपोर्टला ५० मिलिग्रॅम प्रोटीन या प्रमाणापासून सुरुवात करा. खोलीच्या तापमानाला शेकरवर हलकेच रात्रभर. सकाळी द्रावणात उरलेलं प्रोटीन मोजा, गाळा, बफरने धुवा, व्हॅक्यूममध्ये सुकवा.

दोन आकडे वेगवेगळे नोंदवा: किती प्रोटीन बसलं आणि बसलेल्यातलं किती ॲक्टिव्ह आहे. ९५ टक्के प्रोटीन बसूनही ॲक्टिव्हिटी २० टक्के असू शकते, कारण खच्चून भरलं की आतल्या थरापर्यंत तेल पोचत नाही.

पावडर हाताळताना मास्क हवाच. एन्झाइमची धूळ श्वासात गेली की ॲलर्जी जडते आणि ती जन्मभर राहू शकते.

कोपरा

ग्लुटराल्डिहाइडने पक्कं जोडलं तर? काइटोसानच्या मण्यांवर बरेच जण तसंच करतात.

प्रयोगवही

होतं. काइटोसानच्या मण्यांना १ ते २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये एक-दोन तास, मग वास जाईपर्यंत पाण्याने धुणं, मग एन्झाइम, शेवटी उरलेली टोकं ग्लायसीनने बंद. हे सगळं फ्यूम हूडमध्येच. ट्रिस बफर कुठेही वापरू नका. त्याचा स्वतःचा अमिनो गट ग्लुटराल्डिहाइड खाऊन टाकतो आणि एन्झाइमला जागाच उरत नाही. जुनी, पिवळसर पडलेली बाटली घेऊ नका, ती आतल्या आत पॉलिमर झालेली असते.

पण काइटोसान पाणीवेडं आहे. छिद्रांत पाणी भरून राहतं, तेल दारातच थांबतं. मला मधला मार्ग जास्त पटतो: आधी पाणी झटकणाऱ्या सपोर्टवर चिकटवायचं, मग ०.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडचा हलका हात. लायपेज उघडंही राहतं आणि सुटतही नाही. थोडी ॲक्टिव्हिटी जाते, ती जाऊ द्यावी.

मखमल

वाचनखूण साठवली. धागा तेलकट होत चाललाय पण हात धुवावेसे वाटत नाहीत!

तैलबिंदू

मोजमापाबद्दल एक मुद्दा, सहसा दुर्लक्षित राहतो. सगळे ॲसिड व्हॅल्यूला मूळ तेलाच्या सॅपोनिफिकेशन व्हॅल्यूने भागतात. ट्रायओलीन धरून बघा. त्याची सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू १९०.१, पण शुद्ध ओलेइक ॲसिडची ॲसिड व्हॅल्यू १९८.६. ग्लिसरॉल पाण्यात निघून गेल्यामुळे वरच्या थराच्या दर ग्रॅममध्ये ॲसिड जास्त भरतं. त्या पद्धतीने पूर्ण फुटलेलं तेल १०४ टक्के फुटलेलं दिसतं! म्हणून ॲसिड व्हॅल्यू आणि सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू दोन्ही त्याच नमुन्याच्या काढा आणि भागाकार करा.

नमुना काढताना ढवळणं थांबवून थेट पिपेट घालू नका, इमल्शन येतं. गरम असतानाच सेंट्रिफ्यूज करा, वरचा थर निर्जल सोडियम सल्फेटवरून घ्या. ०.५ ग्रॅम पुरे, आधीच न्यूट्रल केलेल्या कोमट इथेनॉलमध्ये, फिनॉल्फ्थेलिन घालून ०.१ नॉर्मल पोटॅशने. १२५ ची ॲसिड व्हॅल्यू असेल तर साधारण ११ मिली लागतील.

निळा लिटमस

@विकरवेडा, तीन बरण्यांची युक्ती आवडली. तरी टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) केल्याशिवाय मी २-मोनोग्लिसराइडचा मुद्दा सोडणार नाही. सिलिका प्लेट, हेक्झेन, डायइथाइल ईथर आणि ॲसेटिक ॲसिड ७०:३०:१, आयोडीनच्या वाफेत. वरून खाली क्रम: ट्रायग्लिसराइड, फॅटी ॲसिड, १,३-डायग्लिसराइड, १,२-डायग्लिसराइड, आणि जवळजवळ बुडाशीच मोनोग्लिसराइड. बुडाचा ठिपका ठसठशीत असेल तर माझं खरं, डायचे दोन ठिपके ठळक असतील तर तुमचं.

सोबत पाण्याच्या थरात पेरिआयोडेटने ग्लिसरॉल बघा. पेरिआयोडेट शेजारी-शेजारी असलेले हायड्रॉक्सिल गट तोडतं. ग्लिसरॉलला ते आहेत, २-मोनोग्लिसराइडला नाहीत. निवाडा स्वच्छ होईल.

पाणचक्की

थोडं अवांतर. सांडपाण्याच्या ग्रीस ट्रॅपमध्ये असे मणी टाकले तर चरबी कायमची संपेल का?

गाळणी

@पाणचक्की, संपणार नाही, रूप बदलेल. लायपेज चरबीचं फॅटी ॲसिड करतं, तिला नाहीसं करत नाही. पाणी जड असेल तर ती ॲसिड्स कॅल्शियमशी जुळून पुढच्या पाइपात दगडासारखा साबण करतात, आणि तो काढणं मूळ चरबीपेक्षा कठीण. पुढे ती ॲसिड्स खाणारे जिवाणू असतील तरच उपयोग. बिनहवेच्या टाकीत पाठवणार असाल तर जपून, लांब साखळीची फॅटी ॲसिड्स एकदम वाढली की मिथेन करणारे सूक्ष्मजीव दबतात. आणि सांडपाण्यातल्या डिटर्जंटमुळे नुसतं चिकटवलेलं लायपेज मण्यावरून धुऊन निघतं, ते वेगळंच.

रातराणी

अवांतरात अजून एक. हेच तत्त्व वैद्यकात आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्ये रेलिझॉर्ब नावाच्या कार्ट्रिजला परवानगी दिली. नळीने अन्न द्यावं लागणाऱ्या, स्वादुपिंडाचं लायपेज कमी पडणाऱ्या रुग्णांसाठी, उदाहरणार्थ सिस्टिक फायब्रोसिस. पोषणद्रव कार्ट्रिजमधल्या मण्यांवरून जातो आणि चरबी पोटात जाण्याआधीच फुटते. लायपेज मण्यांना सहसंयुज बंधाने जोडलेलं असतं, म्हणून एन्झाइम मागेच राहतं.

विकरवेडा

@रातराणी, छान उदाहरण. तिथे मोनोग्लिसराइड आणि फॅटी ॲसिड इथवर पोचलं तरी काम झालं, आतडं तेच शोषतं. धागाकर्त्याला मात्र ९५ हवेत.

कोपरा

एवढ्या उस्तवारीपेक्षा सरळ वाफेने फोडलेलं बरं नाही का? कोलगेट-एमरी पद्धतीत २५० अंश, ५० बारच्या आसपास दाब, दोन-तीन तासांत ९८ टक्के.

गाळणी

@कोपरा, टॅलो (गुरांची चरबी) किंवा पाम तेल असेल आणि टनांनी करायचं असेल तर वाफच. कोणतंही एन्झाइम तिथे वेगाला टिकत नाही. पण एरंडेल त्या तापमानाला नेलं की रिसिनोलेइक ॲसिडचं पाणी निघून जातं, रेणू एकमेकांना जुळून एस्टोलाइड होतात. माशाच्या तेलातली ईपीए-डीएचए ही ओमेगा-३ फॅटी ॲसिड्स काळवंडतात. अशा नाजूक तेलांसाठी लायपेजच हवं. माशाच्या तेलात तर कॅन्डिडा रुगोसा डीएचए तोडायला कां-कूं करतं, कारण त्याचा पहिला दुहेरी बंध कार्बॉक्सिलच्या फार जवळ आहे. इतर ॲसिड्स सुटतात, डीएचए ग्लिसराइडमध्येच साठत जातं. कुणाला डीएचए वाढवायचं असेल तर हा दोष फार कामाचा आहे.

चंचुपात्र

सगळ्यांचे आभार. निकाल देतो. फक्त ताजं एन्झाइम घातलेली बरणी किंचितच हलली. ताज्या डिस्टिल्ड पाण्याची ४ तासांत १६० वर गेली. तैलबिंदूंच्या पद्धतीने नमुन्याची सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू १९७, म्हणजे ८१ टक्के. टीएलसीत अडलेल्या नमुन्याला डायचे दोन्ही ठिपके ठळक, बुडाचा मोनोचा ठिपका फिकट. पाण्यात ग्लिसरॉल भरपूर. मात्र खालच्या थरात बारीक तपकिरी गाळ आहे.

निळा लिटमस

मग निकाल विकरवेड्यांच्या बाजूने, मान्य. शेवटच्या टप्प्याला मात्र माझी कॅन्डिडा रुगोसा लक्षात ठेवा.

विकरवेडा

आता मूळ प्रश्नांकडे. सपोर्ट किंवा लायपेज बदलायच्या आधी पाणी बदला.

पहिला टप्पा: १०० ग्रॅम तेलाला ५० ग्रॅम पाणी, ६ ते ८ तास. थर वेगळे करा. दुसरा: वरच्या थराला ताजं ५० ग्रॅम पाणी. तिसरा: पुन्हा तेच. पाणी वाचवायचं असेल तर उलट्या क्रमाने फिरवा. तिसऱ्या टप्प्यातून निघालेलं, कमी ग्लिसरॉलचं पाणी पुढच्या खेपेच्या दुसऱ्या टप्प्याला आणि तिथलं पहिल्याला. ताजं पाणी नेहमी सगळ्यात जास्त फुटलेल्या तेलाला भेटलं पाहिजे. ९० च्या पुढे चढण फारच मंद वाटली तर शेवटचा टप्पा कॅन्डिडा रुगोसावर, ३७ अंशांना.

बफर काढून टाका. तुमच्या २० मिलीत फॉस्फेट आहे २ मिलिमोल आणि सुटणारं ॲसिड ३४० मिलिमोल. तो काय धरून ठेवणार? लांब साखळीचं ॲसिड तेलाच्याच थरात राहतं म्हणून पीएच फार कोसळत नाही, बफरमुळे नाही. उलट तुमचं लायपेज आयन-एक्स्चेंज रेझिनवर विद्युत आकर्षणाने बसलेलं असेल तर क्षार त्याला उठवतात. डिस्टिल्ड पाणी बरं. पीएच सावरायला कॉस्टिक तर अजिबात घालू नका, साबण होऊन सगळं लोण्यासारखं घट्ट होईल.

तपकिरी गाळ म्हणजे भरडलेले मणी. गाळणी यांनी सांगितलं तसं पॅडल लावा. सोबत एन्झाइम सुटतंय का तेही बघा: पाण्याचा थर ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, नाहीतर मण्यांच्या पिठाची ॲक्टिव्हिटी सुटलेल्या एन्झाइमच्या नावावर जमा होईल. ते पाणी ताज्या तेलात ४५ अंशांना ढवळा, तासातासाने ॲसिड व्हॅल्यू. चढली तर एन्झाइम पाण्यात उतरलंय.

तैलबिंदू

सिलिकावर बसवलेलं लायपेज असलं तर पाण्यात घालू नका. ते दाणे कोरड्या, इंटरएस्टरिफिकेशनच्या (तेलांतल्या फॅटी ॲसिड्सची अदलाबदल) कामाचे, पाण्यात विस्कटतात. नोव्होझाइम ४३५ (कॅन्डिडा अंटार्क्टिकाच्या बी लायपेजचे बाजारात मिळणारे मणी) पाण्यात चालतं, पण त्यात लायपेज नुसतं चिकटलेलं आहे, साबण आणि मोनोग्लिसराइडमुळे हळूहळू सुटतं. काही सेंद्रिय द्रावकांत त्याचा मणीच फुगतो, विरघळतोही. धुवायला काहीही घेण्याआधी चार मणी परीक्षानळीत टाकून रात्रभर बघा.

चंचुपात्र

आणि दोन खेपांच्या मध्ये मणी कसे ठेवायचे?

गाळणी

हेक्झेनने तेल धुऊन काढा, मग टर्ट-ब्युटेनॉलने एकदा, म्हणजे चिकटलेलं ग्लिसरॉल निघेल. ते राहिलं तर मण्याभोवती पाण्याचं आवरण धरतं आणि तेल आत येत नाही. व्हॅक्यूममध्ये खोलीच्या तापमानाला कोरडे करा, ओव्हन नको. बंद बाटलीत ४ अंशांना, आणि उघडण्याआधी बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं.

तेलाकडेही बघा. न रिफाइन केलेल्या तेलातला गोंद, म्हणजे फॉस्फोलिपिड, मण्यांवर बसतो. फॉस्फरस १० पीपीएमच्या खाली असलेलं बरं. सूर्यफुलात लिनोलेइक भरपूर, ४५ अंशांना रात्रभर हवेत ढवळलं की पेरॉक्साइड वाढतं आणि तेच एन्झाइमला मारतं. वरून नायट्रोजनची बारीक धार सोडा.

चंचुपात्र

पॅडल आणि नायट्रोजन लावतो. पाणी ५०-५०-५०, बफर बंद. तिसऱ्या टप्प्याचे आकडे इथेच टाकेन.